हात काढायची वेळ

आमच्या घरात पोहणारी मी एकटीच होते. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जावेला माझं सगळंच आवडायला लागलं. मी पोहणं शिकवायच्या कोर्सला नाव घातलं, तर बाईसाहेबांनीही घातलं. या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत हिला धाप लागते, आणि ही म्हणे शिकवणार. तलावावर शिकवणाऱ्याची कायमची जागा एकच निघाली होती. ती मला हवी होती, अगदी जीव टांगणीला लागावा इतकी.

आमचे प्रशिक्षक म्हणायचे, शिकवणाऱ्यांची डोकी दोन तऱ्हेची असतात. एक पोहण्याचे तुकडे पाडून विचार करतं, दुसरं समोरच्या माणसाकडे बघत बघत. पहिल्याला ते माझं उदाहरण देत आणि मी खूश होई. दुसऱ्याला जावेचं देत, तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. लहान मुलं तर तिला गुळाला मुंगळे लागावेत तशी चिकटलेली असत.

शेवटच्या परीक्षेला पाण्याला भिणारं मोठं माणूस हवं होतं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पाण्याला भीतच; त्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात उतरायला सांगितलंच होतं, त्या आपणहून तयार झाल्या. एक सासू, दोन सुना. घरातली परीक्षा कमी पडत होती म्हणून ही.

पहिला नंबर माझा. छातीत हवा असते, डोकं जड असतं, कान पाण्यात गेले की कंबर वर येते, असं सगळं मी क्रमाने समजावलं. पाठीखाली हात धरला. माझा हात पक्का, तसूभर हलला नाही. आई मजेत आडव्या झाल्या, चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. मग मी हात काढला आणि त्या बुडाल्या. पुन्हा धरला, पुन्हा काढला, पुन्हा बुडाल्या. नाकातोंडात पाणी गेलं तरी बिचाऱ्या मला काही बोलल्या नाहीत.

मग जाऊ उतरली. तिने समजावलं काहीच नाही. तिचा हात थरथरत होता, ते मला काठावरूनही दिसत होतं. आईंच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्यांनी हात पसरले, मान हळूहळू मागे टाकली. जावेने हात कधी काढला ते त्यांना कळलंच नाही. त्या तरंगत राहिल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जागा तिला मिळाली.

कपडे बदलायच्या खोलीत आई केस पुसत होत्या. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात इतका भक्कम, की मी सगळा भार त्याच्यावरच टाकला. धाकटीच्या हाताचा भरवसा वाटेना, मग माझं मलाच तरंगावं लागलं."

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे तिचं कर्तृत्व काही नव्हतंच, नुसता कच्चा हात फळाला आला होता. मी लगेच म्हटलं, "मग उद्यापासून मीच शिकवते तुम्हाला."

त्यांनी टॉवेलची घडी केली. "नको गं. बुडायला लागले तर तुलाच हाक मारीन. पण शिकायला मी तिच्याकडेच जाईन."

त्यांनी ते इतक्या मायेने सांगितलं की मला धड भांडताही आलं नाही.