इझिदोरची चाल

आमच्याकडे नाचायचं असेल तर आधी गावं लागतं. गडी उठतो, जोडीदारणीचा हात धरून व्हायोलिनवाल्यासमोर येतो आणि दोन ओळी मोठ्यानं म्हणतो. ती चाल व्हायोलिनवाल्यानं तिथल्या तिथे उचलायची. नाही उचलता आली तर तो कसला वाजवणारा! माझा नवरा वालेंती जन्मभर उचलत आला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसून डफ वाजवते. बायकांनी डफाला हात लावू नये म्हणणारे पुष्कळ होते. ते सगळे गेले, मी अजून वाजवतेय.

मग त्याचे कान गेले. आधी उजवा, पाठोपाठ डावा. गावाला कळू द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि मलाही गप्प बसवलं, आणि मला गप्प बसवणं म्हणजे खायचं काम नव्हे. व्हायोलिन पूर्वी छातीशी धरायचा, ते आता जबड्याखाली घट्ट दाबून धरायला लागला. सूर हाडातून कळतो म्हणायचा. तालासाठी माझा पाय त्याच्या पायावर असायचा. आणि चालीचं म्हणाल तर आमच्या गावात प्रत्येक नाचणाऱ्याची चाल ठरलेली. लग्न कोणाचंही असो, तो तीच मागणार. त्यामुळे वालेंतीला नुसता चेहरा दिसला तरी पुरे. नवी पोरं शहरातल्या गिटारवाल्यांच्या तालावर नाचायची, त्यांची आम्हाला चिंता नव्हती.

तरीपण एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तो म्हणाला, "साल्का, ज्या दिवशी मी चुकीची चाल वाजवीन, त्या दिवशी डफ थांबव. मला पायातून कळेल. मग मी व्हायोलिनला परत हात लावणार नाही. पण ते मला तुझ्याकडून कळू दे, लोकांच्या हसण्यावरून नको."

"आणि नाही थांबवला तर?" मी तोंड त्याच्याकडे वळवून विचारलं. माझे ओठ त्याला दिसावे लागायचे.

"तू? माझी चूक तू कधी पोटात ठेवलीयेस?"

मी त्याला शब्द दिला.

सुताराच्या मुलीचं लग्न शरद ऋतूत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पुन्हा, आगीचा बंब ठेवतात त्या गावच्या हॉलमध्ये जमले. आंबवलेल्या कोबीची पातेली गरम होऊन आली. गिटारवाले रात्रभर पिऊन गाडीत घोरत पडले होते, तेव्हा म्हाताऱ्यांनी आमच्या नावानं हाका मारायला सुरुवात केली. आम्ही बसलो. एकेक जण समोर आला, गायला, नाचला. वालेंती एकदाही चुकला नाही. मला वाटलं, अजून काही वर्षं निघतील.

तेवढ्यात झेनोन उठला. हा इझिदोरचा मुलगा. इझिदोर म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात सुंदर नाचणारा माणूस. जंगलात लाकूड तोडताना झाड अंगावर पडून तो गेला. मेलेल्या माणसाची चाल घरच्यांनी मागितल्याशिवाय आम्ही वाजवत नाही, आणि त्याच्या घरून ती कोणी मागितली नव्हती. त्याची बायको पोला डोक्याला काळा रुमाल बांधून भिंतीकडेच्या बाकावर बसायची, ती आजही तिथेच होती. झेनोन वुज शहरात कापड गिरणीत कामाला. बापाला मातीत घालायला एक दिवस आला होता, तो त्यानंतर थेट आता. मधल्या काळात त्यानं मिशा वाढवल्या होत्या. पट्ट्यात अंगठा खोचून तो नवरीच्या मैत्रिणीला घेऊन समोर उभा राहिला. हुबेहूब बाप!

तो गायला. शहरातली कसली तरी चाल होती, मीसुद्धा कधी ऐकली नव्हती. वालेंतीनं त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग मिशांकडे, मग त्या अंगठ्याकडे. त्याचा चेहरा उजळला. त्यानं डोळे मिटले, तारांवर गज टेकवला आणि इझिदोरची चाल सुरू केली.

हॉलमध्ये चमचे थांबले.

"अहो काका, हे कुठे मागितलं मी?" झेनोन ओरडला. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

वालेंतीचे डोळे मिटलेले. त्याला यातलं काही कळलं नाही. कळवायचं ते मी. माझा हात वर होता, तो तसाच वर ठेवायचा होता. दिलेला शब्द मला आठवत होता, आणि हात खाली आला तो डफावरच. मला थांबवणं जमेना. तो इतकं चांगलं वाजवत होता.

पोला बाकावरून उठली. लोकांनी तिला वाट करून दिली.

"मागितलंस तू," ती मुलाला म्हणाली. "मी ऐकलं."

"आई, अगं मी कधी..."

"मागितलंस म्हणते ना! धर हात."

नवरीची मैत्रीण शहाणी, ती बाजूला झाली. झेनोननं आईचा हात धरला. पहिली गिरकी त्यानं ओंडक्यासारखी घेतली, कोणीतरी फिसकन हसलंही. पण लहानपणी बाकावर बसून त्यानं बापाला हजारदा पाहिलं होतं. दुसऱ्या गिरकीला त्याची टाच जमिनीवर बरोबर तिथे आपटली, जिथे इझिदोरची आपटायची. पोलाचा रुमाल मानेवर घसरला, तिनं तो सावरला नाही. झेनोनच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. मी रडत होते आणि डफ वाजवत होते.

चाल संपली. लगेच सुतार पुढे झाला, त्यानं गायला तोंड उघडलं. मी वालेंतीच्या पायावरून माझा पाय काढला आणि डफ जमिनीवर ठेवला.

वालेंतीनं डोळे उघडले. आधी डफाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उभा राहिला, सगळ्यांपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "आज एवढंच, मंडळी."

घरी येताना सफरचंदांच्या बागेपाशी तो थांबला.

"पोरानं काय मागितलं होतं?"

"दुसरंच काहीतरी."

"आणि मी?"

"त्याच्या बापाची चाल दिलीस."

त्यानं ते माझ्या ओठांवरून वाचलं. "मग डफ लगेच का नाही थांबवलास?"

"पोला नाचत होती."

"पोला नाचली?" तो म्हणाला. "बरं झालं."

घरी आल्यावर त्यानं व्हायोलिनवर पडलेली गजाच्या राळेची पूड पुसली. मग, आजवर कधी केलं नव्हतं ते, एकेक खुंटी फिरवून तारा सैल सोडायला लागला. सैल होताना तार कण्हते. जाड तारेनं तर फार वेळ घेतला. त्याचा चेहरा शांत होता, कारण त्याला काही ऐकू येत नव्हतं. चारही तारा मी एकटीनं ऐकल्या.