मागच्या चक्करातलं रबर

आंजीच्या केशवची गोष्ट सांगतो, पण मधात कोणी बोलू नका, एकदा थांबलो का माह्यं सारं गडबडते.

छप्पनच्या हिवाळ्यात, कापसाचा हंगाम भर जोरात असतानी, केशवचा बाप रूपराव भरलेल्या गाडीवरून पाठीवर पडला. वर चढून दोर आवळत होता, दोर तुटला अन् माणूस खाली दगडावर. उचलून घरी आणलं तं बोलून राह्यला, पाणी मागून राह्यला, पण कमरेखाली जीव नाई. गावातल्या दवाखान्याचे डॉक्टर प्रभाकरराव आले, त्यायनं पायाच्या अंगठ्याले सुई टोचली. रूपराव म्हणे, "मुंगी चढली का रे कुठं?"

डॉक्टरनं केशवले बाहेर नेलं. म्हणे, मुंगीएवढं तरी समजून राह्यलं, तवर उमेद आहे. मणका सरकला आहे. उद्या दुपारच्या आत सेवाग्रामले पोचव, सूज चढली तं काई उपाय नाई. अन् वाटेत झटके बसू देऊ नको, नाईतर दोन्ही पाय कायमचे गेले समज.

आता सांगा, न्यावं कशानं? बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव, खडीवर दात वाजते. एसटीत आडवं टाकू देत नाईत. खाटेवर खांद्यानं न्यावं तं दुपारच्या आत पोचणं नाई. राह्यली मोटरसायकल. कापसाचे अडते वासुदेवराव, त्यायच्याकडं केशव कामाले होता, अन् त्यायच्याकडं लढाईतली जुनी मोटरसायकल होती, बाजूले तिसऱ्या चाकावर होडीसारखी बैठक असलेली. वासुदेवराव म्हणे, ने बाबू, विचारतं काय. होडी काढून तिथं फळी बांधली का माणूस सरळ झोपते, खाली स्प्रिंग, चाकाले हवेचं टायर. सारं जमलं. पण त्या गाडीची एक खोड होती. क्लच सोडला का ती असा हिसडा मारे का मागं बसलेल्याची टोपी उडे. खड्डा चुकवता येते, पण गिअर बदलल्याबिगर गाडी चालवावी कशी?

केशव सरकी काढाच्या जिनात नत्थूजी फिटरकडं गेला अन् तिथंच ओट्यावर बसून रडला. नत्थूजीनं त्याले रडू दिलं. मंग हात धरून इंजिनघरात नेलं अन् दाखवलं, हे इंजिन अन् हा पंप कसे जोडले आहे पाह्य. दोन लोखंडी ताटं, मधात रबर. इंजिन कितीबी उसळलं तरी धक्का रबर खाते, पंपाले काईच समजत नाई. तुह्या गाडीचं मागचं दातेरी चक्कर चाकाले बोल्टानं आवळलेलं आहे, म्हणून चेननं हिसडा देल्ला का चाक हिसडते, अन् चाकासंगं बसलेला माणूस.

मंग काय, दोघं दिवसभर लागले. चक्करातली भोकं मोठी केली, लारीच्या फाटक्या टायरचे ठोकळ्यासारखे गट्टू कापले अन् एकेका बोल्टाभोवती ठोकून बसवले. आता चक्कर बोल्टाले भिडत नव्हतं, रबराले भिडे, अन् रबर चाकाले ढकले. केशवनं फळीवर काठोकाठ पाण्याचा गिलास ठेवला अन् क्लच सोडला. पाणी हाललं, सांडलं नाई. त्याले वाटलं, बापाचे पाय त्या गिलासातच होते अन् वाचले.

नत्थूजीनं जातानी बजावलं, "कोरडं ठेवजो. झाकण बनवाले वेळ नाई भेटला, कोरडं आहे म्हणूनच ते रबर आत धरून आहे."

केशवनं मान हालवली. पण घरी कोणाले काई सांगतलं नाई. गाडी आंगणात लावली, बापाच्या बैलगाडीच्या शेजारी, अन् वाटेसाठी गोधड्या मागाले शेजारी गेला. घरी सांगाची गोष्टच नव्हती ना ती.

सकाळी फळीवर गोधड्या टाकल्या, रूपरावले चादरीसकट उचलून ठेवलं, पट्ट्यानं बांधलं. माय आनंदाबाईनं गाडीले कुंकू लावलं, अन् केशव निघाला. अन् गाडी काय चालली म्हणता! लोण्यातून सुरी जावी तशी. रूपराव आभाळाकडं पाहून म्हणे, "बैल चांगले आहे तुहे." केशव हासला. बाप पडल्यापासून पहिल्यांदा.

अर्धी वाट झाली असंल. पुलाचा चढ आला, केशवनं गिअर खाली टाकला, अन् मागून खट् असा आवाज आला. लोखंडावर लोखंड. फळी हिसडली. केशवनं घाबरून क्लच धरला तं गाडी मागं सरकाले लागली, म्हणून सोडला, तं अजून एक.

गाडी थांबवून केशव धावत पायाकडं गेला. उजवा अंगठा दाबला. रूपराव म्हणे, हो, कोणी तरी धरलं. डावा दाबला. रूपराव काईच बोलला नाई. अजून जोरानं दाबला, नख रुतवलं. रूपराव म्हणे, "थांबला काऊन रे? दाब ना."

केशव चाकापाशी बसला. बोल्टाभोवती रबर नाई. तो वाटेनं मागं पळत गेला, धुळीत दोन गट्टू सापडले, बाकीचे कुठं उडाले देव जाणे. हातात घेतले तं सटकून राह्यले. काळे, चिकट. नाकाशी नेले. एरंडीचं तेल अन् काजळी. लहानपणापासून बैलगाडीखाली लटकलेल्या बांबूच्या नळकांड्यातून येणारा वास. वंगण. त्यायच्या घरून वंगणाबिगर कोणती गाडी कधी बाहेर पडली नव्हती, अन् हीबी गाडीच होती ना, तिलेबी चाकंच होते.

मायनं टाकलं होतं. मन लावून, आतपर्यंत बोट घालून.

त्यानं धोतराच्या सोग्यानं गट्टू पुसले, मातीत घोळले, बसवून पाह्यले. बाहेर. पायातली वहाण फाडून कातडं ठोकलं. तेबी बाहेर. ऊन वर चढून राह्यलं होतं. शेवटी चक्कर बोल्टावर आदळू नये म्हणून त्यानं चेनच काढून टाकली अन् हँडल धरून गाडी ढकलाले लागला. एकटा माणूस, चढाचा रस्ता. दहा पावलं जाय अन् चाकाखाली दगड लावून दम घे. दगड लावतानी डोळ्यातलं पाणी बापाले दिसू नये म्हणून तोंड फिरवे.

मागून कापसाच्या गाड्या आल्या, वर्ध्याच्या बाजाराले चाललेल्या. पुढच्या गाडीवर बबनराव, रूपरावच्या जोडीचा गाडीवान. आता गाडीवानायची रीत आहे, वाटेत कोणाची गाडी अडकली तं मागची पुढं जात नाई. बबनराव उतरला, फळीवर कोण आहे ते पाह्यलं, अन् बैल सोडले. मागच्यायनंबी सोडले. केशवनं सांगतलं का बैल नका जुंपू, बैल गाडी उचलतानी हिसडा देतेत. बबनराव म्हणे, "बैल कोण जुंपते लेका?" अन् कापसाचा दोर काढून सोताच्याच खांद्यावर घेतला.

कापूस रस्त्यावर राह्यला, बाजार बुडाला, अन् सारे गाडीवान गाडीले लागले. ओढतानी मोठ्यानं बोलले नाईत, पाय सोबत पडावे म्हणून नुसतं हं, हं.

रूपराव म्हणे, "केशव, आवाज काऊन बंद झाला?"

"इंजिन तापलं, बाबा."

"वंगण टाकलं होतं ना तुह्या मायनं? म्या रात्रीच सांगतलं होतं तिले, पोरगं इसरते, तू टाकजो म्हणून."

केशवच्या खिशात ते दोन गट्टू होते. बाजूनं बबनराव त्याच्याकडं पाहून राह्यला होता. केशव म्हणे, "टाकलं होतं, बाबा. म्हणून तं इथवर आली."

सेवाग्रामले पोचले तवा दुपार कलली होती. उजवा पाय वाचला. डावा नाई वाचला. डॉक्टर म्हणे, तो झटक्यानं गेला का सुजेनं, कोण सांगावं. केशवनं विचारलंबी नाई दुसऱ्यांदा.

माय भेटाले आली तं तिनं पहिलं हेच विचारलं, गाडीनं तरास तं नाई ना देल्ला? केशव म्हणे, रस्ता खराब होता, माय.

उन्हाळा लागता लागता केशवनं नत्थूजीसंगं बसून सारे गट्टू नव्यानं बसवले, यावेळी बाहेरून पत्र्याचं झाकण ठोकून. रूपराव काठीवर आला, फळीवर बसला, तपासणीले जायचं होतं. अन् आनंदाबाई नळकांडं घेऊन आंगणात उतरली, थेट मागच्या चाकाकडं.

केशवनं तिचा हात धरला. अलगद धरला, तिले काई वाटू नये असा. अन् चेनकडं नेला.

"इथं टाक, माय," तो म्हणे. "हिले लय लागते."