मोज्यात राहणारा माइक

मी एक माइक. डोक्याला पोचा, जाळीचा रंग उडालेला. राहायला लोकरीचा एक मोजा. तो बाईंच्या वडिलांचा. जोडीतला दुसरा कुठे गेला, देव जाणे.

बाई म्हणजे माझ्या गायिका. गायच्या रॉक, पण त्याच्या पोटात ब्लूजची कळ असायची. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं, अशी ब्लूजची रीत. वडील गॅरेजात गाडीखाली आडवे होऊन असंच गुणगुणायचे. लेकीनं ते तिथूनच उचललं.

इतर गायक माइकला 'हॅलो, हॅलो' करतात. बाई मला ओठ टेकवून नुसता खालचा सूर धरायच्या. तेवढ्यावरून आमचे साउंडवाले काका ओळखायचे, आज गळा कसा आहे आणि मन कसं आहे. नवीन होते तेव्हा मात्र बाईंच्या आवाजातली खरखर त्यांना यंत्राचा बिघाड वाटली आणि त्यांनी ती पार पुसून टाकली. बाई स्टेजवरूनच म्हणाल्या, "काका, ती खरखर माझी आहे. परत द्या." लोक हसले, बाईही हसल्या, आणि त्या हसण्यात मी हातातून निसटलो. पोचा तेव्हाचा.

पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन बाईंनी मोज्याच्या तोंडाला गाठ मारली. तोवर कधी मारली नव्हती.

परवा काका जुना स्पीकर घेऊन आले. गाठ त्यांनीच सोडली.

"धरा खालचा सूर."

"आता नुसती खरखर उरलीय, काका."

"मग तीच द्या. या वेळी पुसणार नाही."

बाईंनी ओठ टेकवले. पहिली ओळ फाटकी आली. दुसऱ्यांदा तीच, जरा धीट. तिसरीला मात्र नुसता श्वास आला. जन्मात कधी न गायलेले काका मान खाली घालून ती ओळ म्हणू लागले. आवाज अगदी भसाडा.

"द्या ती ओळ इकडे," बाई म्हणाल्या, "मारून टाकाल बिचारीला." आणि हसता हसता ती ओळ त्यांनी शेवटपर्यंत नेली. अडखळत, पण नेली.

स्टेज पुन्हा दिसेल की नाही, मला ठाऊक नाही. तेवढी हावही नाही. रात्री मला मोज्यात ठेवा, थंडी वाजते. फक्त गाठ मारू नका.