सुकटीचा वास आणि माझे झरोके

मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे, मित्रांनो. मोटारीमागे जोडून ओढत नेतात ते चाकांवरचं घर. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे का, याची मला खात्री नाही; पण ती ऐकून कुणी शहाणं झालं तर बरं, म्हणून सांगते.

यॉर्कशरमधल्या एका कारखान्यात मी घडले. कारागिरांनी मला गॅसची शेगडी दिली, चार खिडक्या दिल्या आणि तळाशी व छतात कायम उघडे राहणारे झरोके ठेवले. तो माझा श्वास. तरुणपणी माझं फार कौतुक झालं. प्रत्येक मालक पहिल्या उन्हाळ्यात म्हणे, आता कायमचं हिच्यातच राहायचं. थंडी पडली की मला कुंपणाआड लावून निघून जाई. माझ्या छपरावर शेवाळ चढलं, कोपऱ्यात ओल शिरली. तेव्हापासून 'कायमचं' हा शब्द कानी पडला की मला संशय येतो.

मग शशी आणि सुप्रभा आले. लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी करून दोघं निवृत्त झाले होते. राहतं घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य माझ्यात काढायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांची मुलगी तनया कार्डिफला डॉक्टर. ती माझ्याहून संशयी. तिने माझ्या गाद्या दाबून पाहिल्या, कोपरे हुंगले आणि म्हणाली, "बाबा, आधी विंटरमध्ये एक महिना राहून दाखवा. मग घराला विक्रीचा बोर्ड लावा."

त्यांनी कबूल केलं. मी त्यांचं सामान निरखलं. कुकर होता, लोणच्याची बरणी होती, शशीची पुस्तकं होती. देव मात्र नव्हते. ते लेस्टरलाच, शेजारच्या सुमनताईंच्या हवाली. देव मागे ठेवून येणारी माणसं राहायला आलेली नसतात, असं मी मनाशी म्हटलं.

वेल्सच्या किनाऱ्यावर, कॅरॅव्हॅन लावायच्या एका साइटवर आम्ही मुक्काम केला. शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये मॉरीन नावाची म्हातारी आणि तिचा लंगडा कुत्रा. सुप्रभा मालवणची, दुपारी ती सुकट भाजायची. नेमकी तेव्हा मॉरीन माझ्या खिडकीसमोर येऊन उभी राही, नाक वर करी आणि न बोलता निघून जाई. मलाही ते खटकलं.

"अहो, ती रोज वास घेत उभी राहते," सुप्रभा म्हणाली. "कम्प्लेंट करणार बघा."

"आणि इथून काढलं, की तनयाला आयतंच कारण सापडेल," शशी म्हणाला.

या देशात आल्यावर पहिल्याच भाड्याच्या खोलीत घरमालकिणीने मसाल्याच्या वासावरून दोघांना सुनावलं होतं. ते दोघंही विसरले नव्हते. शशीने जुने टॉवेल गुंडाळून माझे तळाचे झरोके बुजवले, छतावरच्या झरोक्याला टेप लावली. फोडणी पडली की धूर-गॅसचा अलार्म किंचाळतो, म्हणून त्यावर शॉवर कॅप चढवली. लेस्टरच्या घरीही ते असंच करत. मी मॉरीनवर संशय घेत बसले. खरा धोका माझ्या पोटात होता, आणि मला ओरडता येत नव्हतं.

तीन-चार दिवसांनी गार पाऊस लागला. ऊब यावी म्हणून त्यांनी शेगडी तशीच पेटती ठेवली. सुप्रभाने सुकट भाजायला तवा काढला, पण डोकं दुखतं म्हणून आडवी झाली. शशीच्या हातातलं पुस्तक घसरून खाली पडलं. झोप आली असेल, असं त्याला वाटलं. ती झोप नव्हती, मित्रांनो. कोंडलेल्या शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वासच नसतो.

दारावर थाप पडली. खिडकीतून मॉरीन दिसली. आली तक्रार, असं मला वाटलं. थापा थांबेनात. शशी कसाबसा उठला, कडी काढली आणि पायरीवरच कोसळला. मॉरीनने त्याला ओलांडून आत येत शेगडी बंद केली, सुप्रभाला ओढत बाहेर आणलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलातून दोघं परत आल्यावर सुप्रभाने तिला विचारलं, तू नेमकी कशी आलीस? म्हातारी जरा लाजली.

"तीन-चार दिवस तुमच्या स्वयंपाकाचा वास येईना. आजारी पडलात की काय, म्हणून बघायला आले."

"त्या वासाचा तुला त्रास होत नव्हता?"

"माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता," मॉरीन म्हणाली. "घरी आला की त्याच्या कोटाला असाच वास यायचा."

तनयाला काही कळवू नकोस, असं शशी खुणेने सांगत होता. सुप्रभाने तरी सगळं सांगितलं. तनया त्याच दिवशी आली. टॉवेल उपसले, टेप काढली, शॉवर कॅप हातात घेऊन पायरीवर बसली. दोघं खाली मान घालून तिच्या बोलण्याची वाट पाहत होते. घर विकायचं नाही, एवढंच ती म्हणणार, असं मीही धरून चालले होते.

"झालेले दिवस धरायचे नाहीत," ती अखेर म्हणाली. "महिना पहिल्यापासून. खिडकी उघडी ठेवून."

महिना झाला. थंडीने दोघं काकडली, शशीच्या पुस्तकांना ओल लागली, पण ती निघून गेली नाहीत. मग एक दिवस शशी लेस्टरला गेला आणि बिस्किटांचा डबा घेऊन परतला. सुप्रभाने हात धुतले आणि डब्यातला कापूस हलकेच बाजूला केला. आत अन्नपूर्णा होती, रांगता बाळकृष्ण होता.

मित्रांनो, घर चाकांवरचं असो की विटांचं, त्याचे झरोके बुजवू नका. कोण काय म्हणेल या भीतीने तर मुळीच नाही. माझी संशयी खोड अजून गेलेली नाही. डबा उघडेपर्यंत मी श्वास रोखून होते. पण सुप्रभाने माझ्या फळीवर देव मांडले, आधी खिडकी उघडली आणि मग निरांजन लावलं.