लग्नाला न आलेला आमदार

मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला आमदार आला नाही, एवढ्यावरून रायभाननं मागल्या निवडणुकीत वालूरमधल्या आपल्या अख्ख्या गल्लीची मतं फिरवली होती. आमदार थोडक्या मतांनी पडला.

आज आजारी मेंढ्या घेऊन तो आणि त्याची बायको भागुबाई गावातल्या जनावरांच्या नव्या दवाखान्यात गेले. सुई टोचता टोचता डॉक्टर बोलून गेले, "हा दवाखाना जुन्या आमदारानं विधानसभेत भांडून आणलाय."

"आन् नवा काय करायलाय?" भागुबाईनं विचारलं.

"सभागृहात अजून एक अक्षर बोलला नाही."

"लग्नाच्या पंगतीला मातुर पहिला असतोय," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली.

रायभानची मान वर होईना. घरी जाताना पारावरच्यांनी हटकलं, "दादा, औंदा मत कुणाला?"

"मला इचारू नगा," तो कसाबसा म्हणाला. "मागल्या बारीला मी तुमाला चुकीचं सांगितलं."