बारा व्होल्टांचं काय एवढं

नंदकिशोररावांनी उभी नोकरी दोन लाख वीस हजार व्होल्टच्या तारांखाली काढली होती. त्यामुळे घणसोलीच्या सोसायटीत, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्यांच्या ट्रेलरमधले दिवे पणतीसारखे मिणमिणायला लागले तेव्हा त्यांना काळजी वाटली नाही, अपमान वाटला. बारा व्होल्टची बॅटरी ती. एवढ्या व्होल्टसाठी आमच्या सबस्टेशनात शिपाईसुद्धा खुर्चीतून उठला नसता, असं ते कुणालाही सांगत.

ट्रेलर त्यांनी तळोज्याच्या एका वर्कशॉपमधून बांधून घेतला होता. गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत दोन पलंग, छोटा ओटा, पंखा, नळाला पंप. निवृत्तीनंतर यातून सगळा किनारा पालथा घालायचा बेत होता. आतापर्यंत तो पार्किंगमधून हलला नव्हता.

बायको राजश्री. वाशीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून तीही निवृत्त झालेली. तिने आठवड्याच्या सुरुवातीलाच अट सांगितली होती.

"शनिवारी मी ट्रेलरमध्ये बसून चहा करणार. दिवे, पंखा आणि पंप एकदम चालले तर रविवारी उरणला येते. नाही चालले तर धनेशशेठ ट्रेलर विकत न्यायला तयार आहेत. मी त्यांना संध्याकाळी बोलावलंय."

धनेशशेठ शेजारच्या गावठाणातले. ज्या जमिनीवर ही सोसायटी उभी होती तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. आता त्यांच्या दोन इमारती उलव्याला चढत होत्या आणि साइटवर ऑफिस म्हणून त्यांना हा ट्रेलर हवा होता. येता-जाता ते ट्रेलरभोवती एक फेरी मारत, पत्र्यावर थाप मारत आणि म्हणत, "भारी हाय साहेब. एकदम कडक."

ते पहिल्यांदा असं म्हणाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्रेलरचा टायर बसला. नंदकिशोरराव विज्ञाननिष्ठ माणूस. लिफ्टपाशी कुणीतरी उतारा टाकला तेव्हा सोसायटीच्या सभेत वैज्ञानिक दृष्टिकोनावर तेच बोलले होते आणि आभार राजश्रीने मानले होते. पण टायर बसला होता हेही खरंच होतं. तेव्हापासून दर शनिवारी ते ट्रेलरला लिंबू-मिरची बांधत. पुढच्या बाजूला, बॅटरीच्या पेटीखाली, मांजराशिवाय कुणाला दिसणार नाही अशा जागी.

आता बांधायचं तर काम लोंबकळतं नको. त्यांनी जागा निवडली ती अर्थिंगच्या बोल्टची, म्हणजे बॅटरीची तार लोखंडी सांगाड्याला जिथे आवळली होती तिथली, कारण जगात अर्थिंगइतका त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. दर शनिवारी नट सैल करायचा, जुनं लिंबू काढायचं, ताज्या लिंबातून तांब्याची तार ओवायची, तिचा वेढा वॉशरखाली घालायचा, नट पुन्हा आवळायचा आणि तारेच्या टोकाला काळी टेप. दृष्ट काढण्याचं इतकं पक्कं काम घणसोलीत दुसरं नसेल.

दिव्यांचा बिघाडही ते तितक्याच शिस्तीत शोधत होते. त्यांच्या खात्याचा पहिला नियम, आधी सगळं बंद करा, मग हात लावा. म्हणून ते पंखा बंद करत, पंप बंद करत, दिवे मालवत आणि मीटर घेऊन ट्रेलरखाली शिरत. मीटर दर वेळी सांगे, सगळं उत्तम आहे. बाहेर येऊन बटणं दाबली की पंखा जांभई द्यायचा आणि पंप खोकायचा. बॅटरी बदलून झाली, दिवे बदलून झाले. तळोज्याच्या वर्कशॉपला फोनवर चार गोष्टी सुनावून झाल्या.

शनिवारी संध्याकाळी राजश्री चहाचं सामान घेऊन ट्रेलरमध्ये चढली. सकाळचं लिंबू ताजं होतं. तिने नळ सोडला. पाण्याची धार शरमेने खाली पडली.

"एक मिनिट," नंदकिशोरराव म्हणाले, "शेवटचं बघतो. तू सगळं बंद कर."

"हो हो," असं ती चहाच्याच नादात म्हणाली आणि भांडं नळाखाली धरून राहिली. पंप चालू, पंखा चालू, दिवे चालू.

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी सवयीने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला. दोन्ही एकच समजायचे, म्हणजे मीटरवर शून्य यायला हवं. इतके दिवस, सगळं बंद असताना, शून्यच येत होतं. आज तीन आले.

वर दिव्यांना नऊच व्होल्ट मिळत होते. हरवलेले तीन इथे, बॅटरी आणि सांगाडा यांच्या मधल्या रस्त्यात बसले होते. आणि त्या रस्त्यात एकच बोल्ट होता, अर्थिंगचा. नंदकिशोररावांनी टॉर्चचा प्रकाश तिकडे वळवला. त्यांच्या लिंबाचा रस थेंबाथेंबाने वॉशरमध्ये मुरत होता. नटाभोवती हिरवट-तांबूस पीठ साचलं होतं. इतक्या आठवड्यांची सेवा फळाला आली होती.

मग त्यांनी चपळाई केली. तार कापली, लिंबू खिशात घातलं, नट काढला, पॉलिश पेपरने बोल्ट घासून चकचकीत केला आणि नट आवळला. वर लख्ख उजेड पडला. पंखा घुमायला लागला. राजश्री जरा भिजली.

ती खाली उतरली. मागे धनेशशेठही येऊन उभे होते.

"काय झालं होतं?" राजश्रीने विचारलं.

"काही नाही गं, लूज कॉन्टॅक्ट."

"कुठे?" ती वाकली. निवृत्तीनेही तिचे डोळे परीक्षकाचेच राहिले होते. "हे हिरवं कसलं? इथे तांबं आणि आम्ल कुठून आलं? कारण कळल्याशिवाय मी या डब्यात झोपणार नाही. आपोआप बरं झालेलं आपोआप बिघडतं."

तेवढ्यात बोल्टखाली राहिलेली एक हिरवी मिरची तिने दोन बोटांत उचलून धरली.

नंदकिशोररावांनी तोंड उघडलं. वॉचमनचं नाव जिभेवर आलं होतं.

"ते मी बांधलं, मॅडम," धनेशशेठ म्हणाले. "गाडी झकास हाय. नजर लागू नये म्हनून."

राजश्री त्यांच्याकडे वळली. मग लिंबातलं आम्ल, तांबं, लोखंड आणि समाजाचं मागासलेपण यांच्यावर तिथे उभ्या-उभ्या एक तास झाला. धनेशशेठ मान खाली घालून ऐकत होते. नंदकिशोररावांना योग्य ठिकाणी "बरोबर आहे" म्हणावं लागत होतं.

"माणसं शिकत कशी नाहीत हो?" तिने शेवटी नवऱ्याला विचारलं.

"तेच ना," नंदकिशोरराव म्हणाले. खिशातलं लिंबू पँटला ओलं करत होतं.

ती चहा आणायला आत गेली तसे धनेशशेठ जवळ सरकले.

"साहेब, मागंच वाकून बगितलं होतं मी. तारेला टेप मारलीती तवाच वलखलं, तुमचं काम. कोनाच्या नजरेसाठी बांधलं होतं पन?"

"असंच. सगळ्यांच्या."

"माझी तर नाय ना?"

"छे हो."

"मंग बरं." धनेशशेठनी पत्र्यावर थाप मारली. "पुतन्याची हलद हाय पुढच्या महिन्यात. ट्रेलर लागंल. डीजेवाल्याला बसायला. तुमच्या बॅटरीवर चालंल ना डीजे?"

"चालेल," नंदकिशोरराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादा लोड हिशेब न करता मंजूर केला.

रविवारी सकाळी ट्रेलर पहिल्यांदा पार्किंगमधून हलला. राजश्री शेजारी बसून उरणचा रस्ता बघत होती. गेटपाशी धनेशशेठ उभे होते. ट्रेलर समोरून गेला तसे ते हात वर करून म्हणाले, "एक नंबर साहेब. अशी गाडी अख्ख्या नवी मुंबईत नाय."

नंदकिशोररावांचा पाय ब्रेकवर गेला.

"काय झालं? काय बघताय आरशात?" राजश्रीने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "टायर."