रंग जाणारं सूत

सोमवारचा उपास, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही असा नेम, एवढं घेऊन मल्लम्मा धाराशिवच्या स्टँडवर उतरली. बघणाऱ्याला वाटावं, बाई देवदर्शनाला आली. ती आली होती सूत घ्यायला. त्या सुताचं काय करायचं, हे तिच्या मनात वर्षभर शिजत होतं.

पहिल्या दुकानदारानं लाल सुताच्या लड्या पुढ्यात टाकल्या. "घ्या मावशी. धोतर फाटंल, पण काठाचा रंग हलायचा न्हाय."

"थोडं पाणी देता का?"

त्यानं तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी दिलं. दुष्काळ सरला तरी लोकांचा हात पाण्याबाबतीत आखडलेलाच होता. मल्लम्मानं ते पाणी तोंडाला लावलं नाही. लडीचं टोक त्यात बुडवलं आणि पांढऱ्या पदरात धरून चोळलं. पदर पांढराच राहिला.

"हे नको," ती हळूच म्हणाली.

"का बरं?"

"रंग जात न्हाय ह्याचा."

दुकानदार बघतच राहिला. "अवो मावशी, रंग गेला म्हणून लोक माझ्या उरावर बसत्यात. तुम्हाला न्हाय गेला म्हणून नको?"

"मला जाणाराच पायजे."

दुसऱ्या दुकानातला म्हातारा तर चिडलाच. "कच्चा माल? आमच्या बापजाद्यात कुणी असल्या धाग्याला शिवलं न्हाय! उपास सोडा बाई आधी, डोस्कं जाग्यावर येईल." मल्लम्मानं त्याला नमस्कार केला आणि पुढची पायरी धरली.

तिचा नवरा गुंडप्पा गावातल्या विणकर सोसायटीचा सभासद होता. माग घरचा, सूत सोसायटीचं. दुष्काळाच्या साली त्यानं विणलेल्या लुगड्यांचा रंग पहिल्याच धुण्यात वाहून गेला. सोसायटीचा अध्यक्ष शरणबसप्पा भर बैठकीत म्हणाला, "आमच्या सुताचा रंग जातच न्हाय. गुंडप्पानं पक्कं सूत बाहेर विकलं आणि कच्चं मागावर चढवलं." चोर म्हणून सभासदांतून त्याचं नाव कमी केलं, सूत बंद केलं. गुंडप्पा खडी फोडायच्या कामावर गेला आणि चैताच्या उन्हात एक दिवस खडीच्या ढिगावरच आडवा झाला. तिरडीमागं गावातली मोजकी माणसं. चोराला कोण खांदा देणार?

तेव्हापासून मल्लम्मा सकाळी गळ्यातलं इष्टलिंग पूजेला तळहातावर घेऊन बसे. पूर्वी मन कसं निवळीसारखं व्हायचं. आता निवळायचंच नाही. लिंगावर बेल वाहताना डोळ्यांपुढं शरणबसप्पाच यायचा.

आणि देवानंच वाट दाखवावी तसं झालं. वीरभद्राच्या जत्रेत मानकरी बारवेत बुडी मारतो आणि ओल्या धोतरानं अग्नीतून, म्हणजे निखाऱ्यांवरून, चालतो. ते लाल काठाचं धोतर द्यायचा मान गुंडप्पाच्या घराचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. यंदा मानकरी शरणबसप्पा. धोतर त्या घरचं नको, असं म्हणायची त्याची छाती झाली नाही, कारण मान मोडला तर देव कोपतो. शिवाय ही बाई मुंगी बघून पाय टाकणारी. हिला काय भ्यायचं?

तिसरं दुकान बोळात होतं. बलभीमशेठ पान लावत बसला होता. तिचं गाव आणि मागणं ऐकून तो खो खो हसला. "हाय की अक्का! कोपऱ्यात पोतं पडलंय. उंदीरसुद्धा तोंड लावत न्हाईत त्याला."

मल्लम्मानं टोक भिजवलं. पदर असा रंगला की जणू बोट कापलं.

"कुठनं आलं हे?"

"तुमच्याच तिकडचं गिऱ्हाईक होतं. सोसायटीचे अध्यक्ष. सरकारी पक्कं सूत मला द्यायचे, त्याच्या बदली हे न्यायचे आणि वरचा फरक खिशात. दुष्काळ कुणाला पावतो, अक्का, कुणाला न्हाय." मग त्याला आपल्या तोंडाची भीती वाटली असावी. "पर कोर्टात बिर्टात मी यायचा न्हाय हां सांगाया."

मल्लम्मानं पोत्यातल्या लड्या मोजून पिशवीत भरल्या. आवाज तिचा तसाच राहिला, सायीसारखा. "कोर्टात नका येऊ. वीरभद्राच्या जत्रेला या. आमच्यात जेवायला या."

"त्याला काय, येतो की!"

पुढं महिनाभर तिचा माग वाजत राहिला. धोट्याच्या दर फेरीसरशी ओठांवर नाव शिवाचं आणि ध्यान शरणबसप्पाचं.

जत्रेच्या दिवशी बारवेच्या काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. शरणबसप्पा नवं धोतर नेसून पाण्यात उतरला, बुडी मारून हर हर करत वर आला. पहिली पायरी चढला, दुसरी चढला, आणि त्याच्या पोटऱ्यांवरून लाल ओघळ सुटले. पायरीवर लाल पाऊल उमटलं.

"रगत! रगत!" बाया ओरडल्या. हलगी थांबली.

शरणबसप्पानं खाली बघितलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "रगत न्हाय! सूत कच्चं हाय! ह्या बाईनं मुद्दाम केलं!"

"व्हय," मल्लम्मा म्हणाली. "मुद्दाम केलं."

एवढ्या गर्दीत तिचा बारीक आवाज शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

"पर अध्यक्ष, ह्याच पोत्यातलं सूत तुम्ही माज्या मालकाला दिलं हुतं. तवा म्हणालात, आमच्या सुताचा रंग जातच न्हाय. मग आज कसा गेला?" तिनं मागं वळून हात केला. "हे बलभीमशेठ. पोतं ह्यांच्या दुकानातलं. इचारा."

बलभीम जेवून नुकताच ढेकर देत होता. पळायला वाट नव्हती. पुजारी बसप्पा त्याच्यापुढं भंडारा घेऊन उभा राहिला. "हा उचल आणि बोल." भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची बलभीमची टाप नव्हती. त्यानं अदलाबदलीचं सगळं सांगून टाकलं.

लोकांची कुजबुज गुरगुरीवर गेली. शरणबसप्पाची नजर बारवेपलीकडं पसरलेल्या निखाऱ्यांवर खिळली. मनात पाप घेऊन अग्नीत पाय टाकला तर देव भाजून काढतो, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. आणि एकदा धोतर नेसलेल्या मानकऱ्याला अग्नीवर चालण्यातून मोकळं करायचा हक्क एकाच घराचा, धोतर देणाऱ्या घराचा.

त्यानं हात जोडले. "अव्वा, सोडव मला. पाया पडतो तुझ्या."

"आधी बोला. गुंडप्पा चोर न्हवता."

"न्हवता."

"मला ऐकू आलं. त्यांच्या तिरडीमागं जे आले न्हाईत, त्यांना न्हाय आलं."

"गुंडप्पा चोर न्हवता!" शरणबसप्पा बोंबलला. "चोर मी! आता तरी सोडव!"

पुजारी हळूच म्हणाला, "मल्लम्मा, झालं की गं. क्षमा मोठी."

"मोठी हाय, अप्पा. देवाची हाय ती. त्यानं करावी." तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि शरणबसप्पाला वाट करून दिली. "निखारे इझायला लागल्यात. चाला."

तो चालला. तिसऱ्या पावलाला किंचाळला आणि सातव्याला पलीकडं कोसळला. लोक धावले, कुणी पाणी म्हणून ओरडलं. मल्लम्मा जागची हलली नाही. एकदाही डोळे न मिटता तिनं ते सगळं बघून घेतलं.